दहा दिवसांतली एक संध्याकाळ आपल्या वाजवणाऱ्यांना द्या: मिरजेच्या गणेश मंडळांना पत्र

प्रति,
मिरज शहरातील सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

पावती पुस्तकं छापायला टाकायच्या आधी हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा डॉल्बीवाल्याला इसार गेला की मग बोलून उपयोग नसतो. बारा वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार होतो, त्यामुळे हे मला पक्कं माहीत आहे.

मागणी एकच आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ, सात ते दहा, गावातल्या वाजवणाऱ्यांना द्या. ऑर्केस्ट्रा असो, बेंजो पार्टी असो, ब्रास बँड असो, नाहीतर हलगी-घुमक्याचा ताफा असो. त्यांनी मांडवासमोर वाजवायचं आणि आपण सतरंजीवर बसून ऐकायचं. हे मी का मागतोय ते नीट सांगायचं तर मला थोडं मागं जावं लागेल.

१९८७ साली मी सहावीत होतो. आमच्या गल्लीच्या मंडळानं पाचव्या दिवशी ऑर्केस्ट्रा ठेवला होता. मुंबई-पुण्याचा नव्हे, आपलाच, मिरजेचा. अकॉर्डियन वाजवणारे गृहस्थ दिवसा रेल्वेत फिटर होते. काँगो-बोंगोवर एका दवाखान्यातला वॉर्डबॉय. ढोलकीवाल्याचं स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं; हाताचा काळेपणा घासून घासूनही गेलेला नसायचा आणि ढोलकीच्या शाईभोवतीच्या पांढऱ्या कडेवर त्याची बोटं उठून दिसायची. पुरुष गायक हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. गायिका सांगलीहून सिटी बसनं यायच्या, सोबत आई असायची. त्या दोघी आमच्या घरी हातपाय धुऊन, पिठलं-भाकरी खाऊन मगच स्टेजकडे गेल्या, म्हणून ती रात्र मला आमच्या घरचीच वाटते. स्टेज म्हणजे चार बाकं जोडून वर टाकलेल्या फळ्या. मागं पडदा, त्यावर थर्माकोलची अक्षरं. सुपारी अडीच हजारांची होती, आणि त्या अडीच हजारांवरून मंडळात आठ दिवस वाद झाला होता.

नऊ-सव्वानऊला लाईट गेली. गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं. माईक मेला, हॅलोजन विझला, कर्णे गप्प झाले. पण भात्याला वीज लागत नाही. अकॉर्डियन चालूच राहिलं आणि ढोलकीवाल्यानं एक मात्रासुद्धा सोडली नाही. आम्हा पोरांना वाटलं, आता शिट्ट्या सुरू होणार. तोवर माईकला चिकटून हळू आवाजात गाणाऱ्या त्या ताई अंधारात दोन पावलं पुढं आल्या, अगदी फळीच्या कडेला, पदर कमरेला खोचला आणि त्यांनी गळा मोकळा सोडला. मांडवातल्या समयांचा उजेड तेवढा त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडत होता. मागं उभी असलेली माणसं आपोआप पुढं सरकली. ज्यांच्या गच्च्यांवरून नुसता गलका चालला होता ते खाली उतरून आले. गॅसबत्ती आणायला पळालेले दोन कार्यकर्ते परत आले तेव्हा त्यांना आत शिरायला वाट मिळेना.

गाणं संपलं, आणि टाळ्या ओसरतायत तोवर स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी झाली. लांबलचक. फिटरकाकांनी मान एका बाजूला केली, दोन-तीन कळा चाचपल्या, तो सूर सापडला आणि पुढचं गाणं त्यांनी तिथूनच उचललं. रेल्वेचा माणूस. ती शिट्टी त्यांनी रोज ऐकलेली असणार, पण ती गाण्यात येते हे आम्हाला त्या रात्री कळलं.

पावणेदहाला लाईट आली. ताई माईककडे वळल्या तर खालून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "राहू दे बाई माईक, असंच म्हण." आणि उरलेली तीन गाणी तशीच झाली.

मी नंतर पुण्यात चार वर्षं शिकलो, मुंबईत दोन वर्षं नोकरी केली. तिकीट काढून मोठमोठ्या नावांचे कार्यक्रम पाहिले. चांगले होते. पण त्यांतलं एकही असं कडव्या-कडव्यानं सांगता येत नाही.

दुसरी आठवण बेंजोची. बेंजो आपण म्हणतो, पण त्याची जन्मकथा लांबची आहे. १९१२ साली जपानात, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तारांवर टाईपरायटरसारख्या कळा बसवून ताईशोगोतो नावाचं वाद्य काढलं. ते आपल्याकडे आलं आणि बुलबुलतरंग झालं. पुढं त्याला पिकअप लागला, ताशा-ढोल-झांजांच्या मध्ये ते गाड्यावर चढलं आणि मुंबई-कोकणच्या पोरांनी त्याला बेंजो करून टाकलं. आमच्या मागच्या गल्लीत नव्वदच्या दशकात अशी एक पार्टी होती. आठ पोरं, एक बेंजो, एक कॅसिओ, ढोलकी, ताशा आणि दोन कर्णे लावलेला हातगाडा. बेंजो वाजवणारा माझ्याच वर्गातला.

त्याची नखी मी जवळून पाहिलीय. आपलं गाव दवाखान्यांचं, घरोघरी गादीखाली जुने एक्स-रे पडलेले. तो आज्जीच्या एक्स-रेतून कात्रीनं तिकोनी तुकडा कापायचा, टोक फरशीवर घासून गोल करायचा आणि ओठांत धरून मऊ झालाय का बघायचा. बाजारच्या नखीनं तार करकरते, फिल्मच्या नखीनं बोलते, असं त्याचं म्हणणं. उजेडात धरली की त्या नखीत बरगडीचा पांढरा पट्टा दिसायचा. एकदा मांडवासमोर वाजवताना त्याची एक कळ तुटली, नेमकी मधल्या सप्तकातली. तर त्या कळेची जागा आली की तो डाव्या हाताच्या अंगठ्याच्या नखानं तार थेट दाबायचा. अर्धा तास असं वाजवलं. समोरच्या कुणालाच कळलं नाही. मी शेजारी उभा होतो म्हणून मला त्याच्या नखाखालचं रक्त दिसलं.

ही पार्टी तुमच्यापैकी कुणाला आठवतही नसेल. तिची कॅसेट निघाली नाही, पेपरात फोटो आला नाही. पण त्या रात्री गल्लीतल्या पाच-सहा पोरांनी वाद्याला हात लावायचं ठरवलं. त्यांतला एक आज कोल्हापुरात लग्नाच्या कार्यक्रमांत ऑक्टोपॅड वाजवून घर चालवतो.

आणि तिसरी आठवण बँडची. विसर्जनाचा दिवस, म्हणजे खरं तर दुसऱ्या दिवसाची पहाट, कारण आपली मिरवणूक किती लांबते ते तुम्हाला सांगायला नको. कमानींखालून सरकत सरकत आम्ही लक्ष्मी मार्केटपाशी आलो आणि पाऊस कोसळला. पुढच्या-मागच्या मंडळांच्या डॉल्बीवर ताडपत्र्या पडल्या, जनरेटर बंद झाले. आमच्यापुढं ब्रास बँड होता. अकरा जण, लाल कोट, सोनेरी झालर. ते एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. कोटाचा कच्चा रंग भिजून पांढऱ्या विजारींवर ओघळत होता. बँडमास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभरपानी वही काढली, भिजली नाही ना ते पाहिलं आणि परत ठेवली. मग क्लॅरिनेटची जिभली तोंडात धरून थोडा वेळ ओली केली आणि कुणी सांगितलेलं नसताना भूपाळी सुरू केली. ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेटच्या तोंडावर हात धरून आवाज कोंडला. युफोनियम तेवढा खालून षड्ज देत राहिला. साईड ड्रमवाल्यानं काठ्या बगलेत मारल्या आणि नुसता उभा राहिला. पावसाचा पत्र्यावरचा आवाज आणि ती भूपाळी. मूर्तीवर छत्री धरून उभा असलेला आमचा अध्यक्ष, तालमीतला आडदांड गडी, तोंड दुसरीकडे करून डोळे पुसत होता. आसपासच्या घरांची दारं उघडली, बायका निरांजन घेऊन उंबऱ्यावर आल्या.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. मास्तरांनी मला ती पुढं दाखवली. प्रत्येक गाण्याचं सारेगम त्यांनी स्वतः कानानं ऐकून, निळ्या शाईत, देवनागरीत उतरवलेलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तारीख आणि ते पहिल्यांदा कुठल्या वरातीत वाजलं ते. अशा सात वह्या. हे शिकलात कुठं, असं विचारलं तर म्हणाले, "दर्ग्यात. मागं बसून."

मंडळींनो, इथं जरा थांबा. आपल्या दर्ग्याच्या उरुसात तीन दिवस संगीत सभा होते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना याच आवारात दफन केलं, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभरचे गवई इथं येऊन हजेरी लावतात. पुढच्या रांगेत कोण बसतं ते आपण पाहतो, फोटोतही येतं. मागच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, तिन्ही रात्री जो माणूस बसायचा तो आपल्या वरातीत लाल कोट घालून चालणारा बँडमास्तर होता. तिथं ऐकलेला राग तो क्लॅरिनेटवर आणायचा आणि लग्नाच्या गाण्याआधी दोन मिनिटं आळवायचा. नाचणाऱ्या पोरांना ते दोन मिनिटंही जड जायची, तरी आळवायचा.

आपण अभिमानानं सांगतो की आमचं गाव सतारीचं, तानपुऱ्याचं. खरंच आहे. दीडशे वर्षांहून जास्त काळ इथं पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि तानपुरे होऊन जगभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. वाद्य करणाऱ्याचा मान आपण ठेवला. बाहेरून येऊन वाजवणाऱ्याचाही ठेवला. इथंच राहून, इथल्या गल्लीत, इथल्या माणसांसाठी वाजवणाऱ्याचा राहून गेला.

आणि तो राहण्यात माझाही हात आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

२००६ साल. ऑर्केस्ट्रा ठरला होता. तोच, जुना, फिटरकाकांचा. तेव्हा ते निवृत्तीला आले होते, पण नवी पोरं घेऊन त्यांनी तो उभा ठेवला होता. सुपारी ठरली होती, पाचशे रुपये इसार दिला होता. आणि मग शेजारचं मंडळ यंदा डॉल्बीची मोठी भिंत लावणार असल्याची बातमी आली. बैठक झाली. पोरांनी हट्ट धरला. पैसे दोन्हीला पुरत नव्हते. हिशोबाची वही माझ्याकडे, म्हणून फोनही मीच केला. काका समोरून शांतपणे म्हणाले, "असू दे खजिनदार. पाचशे परत आणून देतो. पुढच्या वर्षी बघा." मी पाचशे ठेवा म्हणालो. तरी ते दुसऱ्या दिवशी सायकलवरून आले आणि पाकिटात घालून देऊन गेले.

पुढच्या वर्षी आम्ही बघितलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अकॉर्डियन त्यांच्या घरी कपाटावर आहे, भात्याच्या घड्या एकमेकींना चिकटल्यात. मी मागच्या दिवाळीत जाऊन पाहिलं.

त्या वर्षी डॉल्बी काय वाजली ते मला आज आठवत नाही. आमच्या मंडळातल्या एकालाही आठवत नाही, मी विचारून पाहिलं. छातीत धडधडलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि समोरच्या आज्जींना तीन दिवस घरातल्या आतल्या खोलीत हलवावं लागलं, एवढं आठवतं.

कायद्याचं मी थोडक्यातच लिहितो, कारण तुम्हाला पोलीस ठाण्याच्या बैठकीत ते दरवर्षी वाचून दाखवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि मोजक्या ठरलेल्या दिवशीच बारापर्यंत सूट. दोन माणसांचं साधं बोलणंच साठाच्या आसपास जातं, तेव्हा भिंतीचा आकडा कुठं जात असेल ते सांगायला नको. ब्रास बँडही काही कुजबुजत नाही, हे मी मान्य करतो. पण बँडवाल्याला दम घ्यावा लागतो. माणसाच्या फुप्फुसाला, मनगटाला जी हद्द असते ती त्या आवाजाला असते, आणि बाळंतिणीच्या घरासमोर तो आपण होऊन हळू वाजवतो. हे मी कितीदा पाहिलंय.

आता तुमच्या मनात काय येणार तेही मला माहीत आहे, कारण ते मीच बैठकांमध्ये बोललोय.

पोरं येणार नाहीत म्हणाल. पोरांना कमी समजू नका. ढोल-ताशा पथकांत हीच पोरं-पोरी आषाढापासून रोज संध्याकाळी हाताला फोड येईस्तोवर सराव करतात. वाजवण्याची भूक त्यांच्यात आपल्यापेक्षा जास्त आहे. त्यांनी फक्त आपल्याच गल्लीतला माणूस क्लॅरिनेट वाजवताना हातभर अंतरावरून पाहिलेला नाही. आमच्या नव्या वसाहतीत गेल्या वर्षी आम्ही बारा घरांनी मिळून छोटा प्रयोग केला. बेंजो, ढोलकी आणि एक गाणारी मुलगी, दोन तास, अंगणात. पहिल्या वीस मिनिटांत सगळे मोबाईल वर धरून होते. नंतर एकेक खाली आला. शेवटी अकरावीतला एक मुलगा बेंजोवाल्याजवळ जाऊन कळा दाबून बघत बसला, आणि त्याला उठवायला त्याची आई दोनदा आली.

समोरच्या मंडळानं भिंत लावली तर आपलं कोण ऐकणार, असंही म्हणाल. हे खरं दुखणं आहे, आणि एकट्या मंडळाला ते सोसणार नाही. म्हणून पत्र सगळ्यांना लिहितोय. एका पेठेतल्या चार मंडळांनी मिळून एकच रात्र धरा. किसान चौकात धरा, ब्राह्मणपुरीत धरा. खर्च चार ठिकाणी वाटला जाईल आणि त्या रात्री त्या पेठेत दुसरं काही वाजणार नाही एवढा शब्द एकमेकांना द्या. पुण्यात मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीत आजही प्रभात बँड, दरबार बँड मानानं वाजतात आणि त्यांना ऐकायला लोक मुद्दाम थांबतात. तिथं जे टिकलं ते कार्यकर्त्यांनी टिकवलं म्हणून टिकलं.

आणि ही काही मी नवीन टूम काढत नाही. सार्वजनिक गणपती सुरू झाला त्या १८९० च्या दशकातच मेळे सुरू झाले. मेळा म्हणजे काय, तर गल्लीतली पोरं, गल्लीतलाच कवी, गल्लीतलाच पेटीवाला. त्यांची पदं इंग्रज सरकारला इतकी झोंबली की मेळ्यांवर बंधनं आली. मेळे मागं पडले तशी ती जागा ऑर्केस्ट्रानं घेतली. या उत्सवाचं पोट भरलं ते देखाव्यांनी आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी. २०२५ साली सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटलं. राज्याचा महोत्सव झाला, फार चांगलं झालं. पण तो आधी आपल्या गल्लीचा आहे, आणि गल्लीत वाजवणारा माणूसच त्यात नसेल तर तो मांडव भाड्यानं आणलेल्या सामानाचा होतो.

एका गोष्टीवर मला जरा कडक बोलायचंय, राग मानू नका. बोलवाल तर नीट बोलवा. आमच्याच भागातल्या एका मंडळानं बँडला संध्याकाळी पाचला बोलावून पहाटे तीनपर्यंत ताटकळत ठेवलं, चहासुद्धा विचारला नाही आणि शेवटी ठरल्यातले अर्धेच पैसे हातावर टेकवले. उरलेले आजतागायत दिले नाहीत. बँडवाला वर्गणीदार नसतो, त्याच्यामागं नगरसेवक नसतो, म्हणून त्याचे पैसे सर्वांत शेवटी द्यायचे आणि जमलं तर बुडवायचे, ही सवय आपल्यात आहे. हे वाजवणारे बहुतेक मातंग, होलार आणि मुसलमान घरांतले. पिढ्यान् पिढ्या त्यांनी आपल्या मुलींच्या लग्नात मंगलाष्टकांनंतरचा पहिला सूर वाजवला, आणि पंगतीला त्यांना वेगळं बसवलं गेलं, हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा अर्धे पैसे ठरवतानाच द्या आणि उरलेले ते वाद्यं पिशवीत भरायच्या आधी द्या. जेवण तुमच्याबरोबर, त्याच पंगतीत. गायिका असेल तर कपडे बदलायला कुणाच्या तरी घरची खोली आणि परत जायला रिक्षा. त्यांच्या पार्टीचं नाव फलकावर देणगीदाराच्या नावाएवढ्याच अक्षरात. आणि मधेच उठून सत्काराचे हार घालत बसू नका. सत्कार आधी उरकून घ्या. वाजवणाऱ्याचा हात तापायला वेळ लागतो आणि थंड व्हायला एक भाषण पुरतं.

खर्चाची धास्ती घेऊ नका. मी पुन्हा एकदा खजिनदार म्हणून सांगतो, भिंत, जनरेटर, लेझर यांच्या एका रात्रीच्या भाड्यात अशा कितीतरी संध्याकाळी बसतात. आणि ते पैसे दुसऱ्या जिल्ह्यातल्या ट्रकमालकाकडे न जाता आपल्याच पेठेतल्या आठ-दहा घरांत जातात.

घाई का करतोय तेही सांगतो. कोरोनाची दोन वर्षं लग्नं नव्हती, वराती नव्हत्या, मिरवणुका नव्हत्या. त्यात कितीतरी वादकांनी वाद्यं विकली. मेरठच्या जली कोठीतून हप्त्या-हप्त्यानं आणलेले ट्रम्पेट, युफोनियम मोडीच्या भावात पितळ म्हणून गेले. माझ्या ओळखीच्या युफोनियमवाल्यानं मला वजन सांगितलं, किती किलो भरलं ते. पैसे किती आले ते सांगितलं नाही. जे उरलेत त्यांतले बरेच साठीच्या पुढचे. दात पडले की ट्रम्पेट फुंकता येत नाही. ओठाला मागून आधार लागतो. म्हणजे आपल्याकडे किती वर्षं आहेत याचा हिशोब अगदी दातांवर येऊन ठेपलाय.

मी गेल्या सहा महिन्यांत सायकलवरून फिरून एक यादी केलीय. मिरज आणि आसपासच्या गावांत आज कोण कोण वाजवू शकतं, वाद्य स्वतःचं आहे की भाड्यानं आणावं लागेल, किती माणसं जमवता येतील, रात्रपाळी कुणाला असते. क्लॅरिनेट, बेंजो, ढोलकी, हलगी, काँगो, कॅसिओ, गाणारे पाच पुरुष आणि सात बायका. त्या सातांतल्या एक म्हणजे त्याच, लाईट गेलेल्या रात्रीच्या ताई. आता त्या सांगलीत नातवंडांना सांभाळतात. मी विचारलं, गाल का? म्हणाल्या, "आवाज खाली उतरलाय. पट्टी खालची धरणार असतील तर येते." यादी कुणालाही देतो. फुकट. माझ्याकडे कमिशन नाही, दलाली नाही. कुठल्याही मंडळाच्या बैठकीला बोलवा, वही घेऊन येतो.

बँडमास्तर अजून आहेत. बँड मोडला, सध्या ते एका कापड दुकानात रात्री राखणीला असतात. क्लॅरिनेट विकलेली नाही. सातही वह्या पेटीत आहेत. तुमच्यापैकी कुणाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर गुरुवारी जा, त्या दिवशी त्यांना सुट्टी असते. दुपारी चारनंतर जा, त्याआधी ते झोपलेले असतात. जाताना पथकातली दोन पोरं सोबत न्या.

आपला,
एक जुना खजिनदार,
मिरज